कुर्ल्याचे पंपवाले चाचा आणि माझ्या ट्रॅव्हलरचे चार इंजेक्टर

आधी आकडा सांगते, कारण मी स्वतः पंधरा दिवस तोच विचारत फिरत होते. गाडी फोर्स ट्रॅव्हलर, डिलिव्हरी व्हॅन, २०१५ चं मॉडेल, कॉमन रेल इंजिन (एकाच भारी दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतं ते), मीटरला १,४३,००० किलोमीटर. चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारतात ते) उतरवणं, बेंचवर म्हणजे चाचणीच्या यंत्रावर तपासणं, तिघांची सफाई, एकाचं नोझल (फवाऱ्याचं टोक) आणि व्हॉल्व्ह बदलणं, परत चढवणं आणि गाडीच्या संगणकात त्यांचे कोड भरणं, या सगळ्याचे १३,५६० रुपये झाले. याच दुखण्यावर त्याआधी एका ठिकाणी मला ७२,००० रुपयांचा इलाज सांगितला होता.

दुकान कुर्ला पश्चिमेला, सीएसटी रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. चाचाच म्हणाले, "ताई, आम्ही तीन माणसं. गाड्या वाढल्या की हात घाई करतात, आणि या कामाला घाई चालत नाही." त्यांचं म्हणणं मला पटलं. सीएसटी रोडला स्पेअर पार्टच्या दुकानात 'पंप-नोझलवाले महाडचे चाचा' विचारलंत तर वाट दाखवतील.

माझं काम फुलांचं. लग्नाचे मंडप, साखरपुडे, देवळांची आरास, गणपतीची मखरं, दसऱ्याची तोरणं. वडील दादरच्या फुलबाजारात बसायचे आणि त्यांच्याकडे मॅटाडोर होती. तीही बजाज टेम्पोचीच. २००५ साली त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी आमच्या घरात ट्रॅव्हलरला अजून 'टेम्पो'च म्हणतात. ही गाडी मी फेब्रुवारी २०२३ मध्ये कुरिअरच्या एका ठेकेदाराकडून घेतली. आठवड्यातून दोनदा, सीझनला चारदा, पहाटे साडेतीनला दादरहून निघते आणि तळेगाव-मावळकडच्या पॉलिहाऊसवरून गुलाब, जरबेरा, कधी कार्नेशन भरून आणते. गाडी मीच चालवते. सोबत माल चढवायला एक मुलगा असतो.

दुखणं सुरू झालं २०२४ च्या पावसाळ्यात. पहिली खूण पहाटेची. एका सेल्फला उठणारी गाडी चार-चार, पाच-पाच सेकंद घुर्र घुर्र करायला लागली. डोंगरात थंडीत डिझेल गाडी अशी कुरकुरते हे समजू शकते, पण जुलै महिन्यात दादरला कसली थंडी? मग सिग्नलला उभी असताना गिअरचा दांडा थरथरायचा. पिकअप द्यायला गेलं की मागे काळा धूर, आणि इंजिनात एक कोरडा ठोका, रिकाम्या डब्यावर चमचा मारल्यासारखा. अव्हरेज साडेदहाचं आठवर आलं. तळेगावची जाऊन-येऊन फेरी धरा २३० किलोमीटर. डिझेल तेव्हा नव्वदीच्या आसपास, म्हणजे एका फेरीला सहाशे रुपये नुसते धुरात.

धुराचं मला दुसरंही भय होतं. गाडीच्या धुरात इथिलीन असतं, आणि इथिलीन म्हणजे फळं पिकवणारा आणि फुलं म्हातारी करणारा वायू. झेंडू ते थोडंफार सोसतो. कार्नेशन अजिबात सोसत नाही, पाकळ्या आत मिटून घेतं आणि मग उमलतच नाही. हॉलच्या मागच्या दाराशी इंजिन चालू ठेवून माल उतरवायचा आणि तोच धूर आत शिरायचा, हे मला रात्री झोपू देत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, गणपती तोंडावर असताना, बोरघाटात गाडीने हात टेकले. पूर्वी जिथे अमृतांजन पूल होता (२०२० साली पाडला तो), त्या चढावर चेक लाइट लागला आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबूनही गाडी वीस-पंचवीसच्या पुढे जाईना. मागे कंटेनरची रांग, बाहेर पाऊस, आणि गाडी पूर्ण रिकामी. भरलेली असती तर वजनाला दोष दिला असता. कशीबशी लोणावळ्याला पोचले, गाडी बंद करून दहा मिनिटांनी चालू केली तर लाइट गेला होता. पुढच्या चढाला पुन्हा तेच. त्या गणपतीत तळेगावच्या फेऱ्यांना भाड्याचा टेम्पो लावला आणि माझी गाडी मुंबईतल्या मुंबईत फिरवली.

पुढे जे झालं ते तपशिलाने सांगते, कारण तिथेच माझे पैसे आणि वेळ वाया गेला.

पहिला उपाय बाटलीचा. डिझेलच्या टाकीत ओतायचं इंजेक्टर क्लीनर. दोन टाक्यांना दोन बाटल्या घातल्या. पहाटेचा सेल्फ किंचित सुधारला, बाकी जैसे थे. या बाटल्या खोट्या नसतात. त्यांतलं डिटर्जंट नोझलवरचा नवा, मऊ चिकटा धुऊन काढतं. पण मुरलेला कार्बन त्याला दाद देत नाही, आणि झिजलेलं लोखंड बाटलीने भरून येत नाही. गाडी नीट असताना अधूनमधून घातली तर ठीक. माझ्यासारखी ठोका मारायला लागल्यावर घालणं म्हणजे ताप चढल्यावर लस टोचण्यासारखं.

दुसरा उपाय आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचा. त्याने चालू इंजिनवर पान्हा घेतला आणि इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायला निघाला, कुठला सिलिंडर काम करत नाही ते बघायला. मी त्याला थांबवलं नाही. वडिलांच्या मॅटाडोरवर हे शंभर वेळा पाहिलेलं. नट ढिला केला, आवाज बदलला तर तो इंजेक्टर चांगला, नाही बदलला तर तोच नादुरुस्त. सरळ हिशेब. नट घट्ट बसला होता म्हणून जेमतेम एक फवारा उडाला आणि त्याने हात मागे घेतला. हे मी नंतर चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, त्या माणसाला सांगा, नमाज पढत असेल तर शुक्र मनाव, पूजा करत असेल तर नारळ फोड." जुन्या इंजेक्टरचं झाकण स्प्रिंगवर उघडायचं, दोनशे बारच्या आतबाहेर. कॉमन रेलमध्ये हजार, दीड हजार बार दाब असतो. टायरमध्ये आपण भरतो ती हवा चार-साडेचार बार. त्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून मांसात शिरते. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते आणि आत बोट सडतं, वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट काढावं लागतं. ज्यांची गाडी कॉमन रेल आहे त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं: इंजिन चालू असताना त्या पाइपांना कोणालाही हात लावू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो.

तिसरी जागा मोठं वर्कशॉप. तिथे स्कॅनर लावला, 'रेल प्रेशर कमी' असा दोषाचा कोड आला, आणि अर्ध्या तासात कागद हातात: चार नवे इंजेक्टर, १८,००० चा एक. एकही इंजेक्टर उतरवून पाहिला नव्हता. मी विचारलं, चारही गेलेत हे कशावरून? उत्तर आलं, मॅडम, बदलले की चारही एकदम बदलायचे असतात.

अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात ना लग्न ना मुंज, आमचं काम थंड. तेव्हा दादरलाच केळीची पानं आणणाऱ्या एका टेम्पोवाल्याने कुर्ल्याचा पत्ता दिला.

दुकान म्हणजे बाराएक फुटांची दर्शनी बाजू. बाहेरच्या भागात काळे पंप, ट्रे, डिझेलचा वास. भिंतीवर हाताने दांडा मारायचा जुना नोझल टेस्टर. तो शोभेचा नाही. ससून डॉक आणि वर्सोव्याच्या बोटींच्या इंजिनांची नोझलं अजून त्यावरच तपासतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा इथे कोळ्यांची रांग लागते, म्हणून त्या दोन महिन्यांत गाड्यांना तारीख मिळत नाही असं बेंचवरच्या मुलाने सांगितलं. आतल्या बाजूला काचेची खोली, एसी लावलेली. दाराबाहेर चपला काढायच्या. मला वाटलं संगणकामुळे असेल. कारण नंतर कळलं.

चाचांनी गाडी पाहिली आणि दराबद्दल चकार शब्द काढला नाही. भाच्याला म्हणाले, "रिटर्नला बाटल्या लाव." प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरून एक बारीक नळी निघते. इंजेक्टरला आलेलं सगळं डिझेल सिलिंडरमध्ये जात नाही, थोडं आतला व्हॉल्व्ह हलवण्यात खर्चून टाकीकडे परततं. त्या चार नळ्यांच्या जागी चार सारख्या प्लास्टिकच्या बाटल्या लावल्या आणि इंजिन तीन मिनिटं आयडलला ठेवलं. पहिली, दुसरी, चौथी बाटली साधारण एका उंचीला भरली. तिसरी त्यांच्या तिप्पट. मला वेगळं काही समजवावं लागलं नाही. तिसऱ्यातून डिझेल आतल्या आत पळत होतं, म्हणून चढावर मागणी वाढली की रेलमधला दाब पडत होता, आणि दाब पडला की गाडीचा संगणक इंजिनाला वाचवायला ताकद कापत होता. बोरघाटातलं कोडं एका प्लास्टिकच्या बाटलीने सुटलं. ७२,००० चा कागद देणाऱ्यांना हे तीन मिनिटांचं काम का सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे.

"एक गेलाय," चाचा म्हणाले. "बाकीचे तीन गेलेत का मळलेत, ते उतरवून बेंचला लावल्याशिवाय मी सांगणार नाही. तपासणीचे एकाचे तीनशे. पुढचं तुम्ही आकडे बघून ठरवा."

उतरवण्यात वेळ गेला. चौथा इंजेक्टर हेडमध्ये काजळीने असा धरला होता की हलेना. खाली तांब्याचा वॉशर असतो, तो गळला की जळलेला वायू वर येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा दगड जमतो. मागच्या मालकाकडे कोणीतरी जुनाच वॉशर परत टाकला असणार. भाचा ठोकायला निघाला नाही. रात्रभर गंज सोडवायचं तेल ओतून ठेवलं, सकाळी पुन्हा ओतलं, दुपारी पुल्लर लावून सरळ वर खेचला. पाइप सुटला की लगेच दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपणं. आमचा गॅरेजवाला अशा ठिकाणी चिंधी कोंबतो. चाचा म्हणतात चिंधीचा एक धागा आत गेला तरी झालेलं काम पाण्यात, कारण इंजेक्टरच्या आतल्या दोन भागांत फट असते ती दोन-चार मायक्रॉनची, आणि नोझलच्या टोकाची छिद्रं मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी. एसी, काच आणि चपला बाहेर, हे सगळं त्यासाठी.

मला आत उभं राहू दिलं. हे सगळीकडे होत नाही आणि मला ते फार मोलाचं वाटलं. बेंचवर इंजेक्टर लावतात, खरा दाब देतात, आणि तो एका फवाऱ्याला किती डिझेल सोडतो ते घनमिलिमीटरमध्ये मोजतात. वेगवेगळ्या अवस्थांना वेगळं माप, कागदावर व्हीएल, एलएल, व्हीई अशी अक्षरं. ती जर्मन शब्दांची आहेत: फुल लोड, आयडल आणि मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा. हा छोटा फवारा मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मुख्य डिझेल जायच्या आधी थेंबाहून कमी डिझेल आत टाकून आच लावून घेतात, म्हणजे पुढचा भडका सावकाश होतो आणि इंजिन ठोकत नाही. माझ्या दुसऱ्या आणि चौथ्या इंजेक्टरमध्ये हा फवारा जवळजवळ शून्य होता. डब्यावर चमचा वाजायचा तो तिथून. फुल लोडला दुसरा ४१ दाखवत होता, माप होतं ५० च्या आसपास. चौथा ४३. पहिला ४८, म्हणजे चालण्यासारखा. तिसऱ्याचं इंजेक्शन बरं होतं पण रिटर्न भरमसाट, बाटलीने सांगितलं होतं तेच.

सफाई अल्ट्रासॉनिक टबात. सोनाराकडे मंगळसूत्र घालून देतात तो छोटा टब पाहिला असेल, त्याच जातीचा. द्रावणात सेकंदाला चाळीस हजार कंपनं होतात, त्याने बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि छिद्राच्या आतून कार्बन उपटला जातो, जिथे तार घालता येत नाही. तार घालायचीच नाही, छिद्र वाकडं होतं. टबात घालण्याआधी इंजेक्टर खोलून विजेचं कॉइल बाजूला काढलं. काही ठिकाणी आख्खा इंजेक्टर बुडवतात, मग कॉइल महिनाभराने जातं आणि दोष गाडीवर येतो. अर्धा तास टबात, मग पुन्हा बेंचवर. दुसरा ४९. चौथा ४८. आणि त्या छोट्या फवाऱ्याच्या रकान्यात शून्याच्या जागी खरा आकडा. काचेच्या नळीत फवारा दिसतो, आधी एका बाजूला लाळ गळाल्यासारखा होता तो आता सगळीकडे सारखा, धुक्यासारखा. मी फुलांवर पाणी मारते त्या स्प्रेचं तोंड साफ केल्यावर होतं तसं. मला डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्याचा व्हॉल्व्ह चाचांनी भिंगाखाली दाखवला. जिथे गोळी बसते ती बैठक खरवडलेली होती. "हे सफाईचं काम नाही," ते म्हणाले, "इथे साफ करून पैसे घेतले तर तुम्ही महिन्याने परत याल." नोझल आणि व्हॉल्व्ह सेट बदलला, ओरिजिनल पार्ट, सीलबंद डबी माझ्यासमोर फोडली. पहिला इंजेक्टर साफ न करताही चालला असता, तो मी सांगून करून घेतला, आकडे चौघांचे जवळ यावेत म्हणून.

आणि मग त्यांनी इंजेक्टर चढवायला नकार दिला.

डिझेल फिल्टर काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला होता. खाली चहाच्या रंगाचं पाणी. फिल्टरच्या बुडाला पाणी सोडायचा एक स्क्रू असतो, तो मी गाडी घेतल्यापासून दीड वर्षात एकदाही उघडला नव्हता. मला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. टाकीच्या तळाचं डिझेल काढलं तर त्यात काळा बुळबुळीत थर, शेवाळासारखा. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा हा गाळ. आपल्या पावसाळ्यात टाकीत आत घाम धरतो, झाकणाचं रबर जुनं असेल तर वरूनही पाणी जातं, आणि पाणी जड म्हणून तळाला बसून राहतं. पंपावर मिळणारं डिझेल आता बरंच शुद्ध असतं, २०२० पासून देशभर बीएस सहा, गंधक १० पीपीएमच्या आत. पण टाकीत साचलेलं पाणी आपलं आपणच काढावं लागतं. पाण्यामुळे गंज, गंजाचे कण, त्या कणांनी तिसऱ्याची बैठक खरवडली. "टाकी धुवून आणा, नवा फिल्टर आणा, मग चढवतो. नाहीतर हे चारही घरी घेऊन जा," इतकं स्पष्ट. टाकी उतरवून धुण्याचं काम त्यांच्याकडे होत नाही. शेजारच्या गल्लीत १,५०० रुपयांत झालं, फिल्टर ९५० चा.

चढवताना चार नवे तांब्याचे वॉशर, आधी बसायच्या जागा ब्रशने घासून काजळी काढलेल्या, नट टॉर्क पान्ह्याने. सेल्फ मारत बसले नाहीत, हातपंपाने डिझेल वर आणून हवा काढली. मग कोड. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो, त्याचा स्वभाव सांगणारा. तो गाडीच्या संगणकात भरला की संगणक प्रत्येकाला मोजून वेळ देतो. दुरुस्त केलेल्या तिसऱ्याचा नवा कोड बेंचनेच काढून दिला. हे केलं नाही तर गाडी चालते, पण डुगडुगत चालते. कुठेही काम करा, कोड भरला का हे विचारा.

चाचणीला भाचा स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या पुलावर चढायला सांगितलं. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, दोन्ही आकडे हातात हात घालून वर गेले. आरशात धूर शोधला, नव्हता.

बिलाची फोड अशी: तपासणी चार गुणिले तीनशे, १,२००. तिघांची सफाई आठशेप्रमाणे २,४००. तिसऱ्याची दुरुस्ती पार्टसह ६,८००. वॉशर १६०. उतरवणं-चढवणं २,५००, त्यात चौथ्याची झटापट धरून. कोड ५००. टाकी आणि फिल्टर मिळवले तर माझ्या खिशातून १६,०१० गेले.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. दोन दिवस सांगून चार लागले. चौथा इंजेक्टर अडकला हे कारण खरं, पण ते मला तीन फोन केल्यावर कळलं, आपणहून कोणी कळवलं नाही. माझा हंगाम असता तर हे मला परवडलं नसतं. बिल मागावं लागलं. वॉरंटी तोंडी होती, ती कागदावर लिहून द्या म्हटल्यावर तिसऱ्यावर सहा महिने लिहून दिले, सफाईवर काही नाही, जे मला रास्त वाटतं. बसायला जागा नाही आणि बाईमाणसासाठी स्वच्छतागृह जवळपास नाही. दिवसभर थांबायचं असेल तर हा विचार करून जा. शुक्रवारी दुपारी साडेबारा ते तीन बंद. गाडी सकाळी नऊच्या आत नेली तर गल्लीत लागते, नंतर सीएसटी रोडला उभी करायची सोय नाही.

काम झाल्याला आता सोळा हजार किलोमीटर झाले. अव्हरेज पुन्हा साडेदहा, माल भरून दहाच्या खाली नाही. जूनमधल्या पीयूसीला धुराचं माप १.४९ आलं होतं, बीएस चारला १.६२ पर्यंत चालतं म्हणून सुटले होते. कामानंतर ०.७१ आलं. माझी गाडी आठ वर्षांपुढची, दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते, तेव्हा हे माप मला नुसतं कागदापुरतं नाही. पहाटे सेल्फ एका झटक्यात. दर महिन्याच्या एक तारखेला फिल्टरचा स्क्रू उघडून काचेच्या बरणीत घेते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. पहिल्या महिन्यात चमचाभर पाणी निघालं, आता बहुतेक वेळा नुसतं डिझेल येतं.

ज्यांच्या गाडीने नुकता धूर सुरू केलाय त्यांनी थांबू नये असं मी सांगेन. माझा तिसरा इंजेक्टर जुलैत कदाचित आठशे रुपयांत सुटला असता. आणि कोणी न उतरवता 'चारही बदला' म्हणालं तर आधी चार बाटल्या लावायला सांगा.

१ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, पहिली तळेगाव फेरी केली. पूल पाडला त्या जागेवर तिसऱ्या गिअरमध्ये चढले, लाइट लागला नाही. येताना गाडीभर गुलाब आणि गाडीत फक्त गुलाबांचा वास.

खंडेनवमीला चाचांच्या दुकानात तोरण घेऊन गेले, झेंडू आणि आंब्याची पानं. बेंचवरचा मुलगा साताऱ्याचा, त्याने यंत्रांना हळदकुंकू वाहिलं होतं. जुन्या हातटेस्टरला हार घातला, शटरला तोरण बांधलं. आत काचेच्या खोलीत मात्र एक पाकळीही नेऊ दिली नाही. चाचा म्हणाले, "फुलाची धूळसुद्धा आत नको, ताई," आणि उरलेला हार त्यांनी माझ्या गाडीच्या बंपरला बांधला.